कापलेल्या दोन ओळी

"ऐकू आलं की बटण दाबायचं. नाही आलं तर नाही दाबायचं. एवढंच आहे."

"तू मला शिकवतेस होय?" ताई खुर्चीत बसत म्हणाली. "कारखान्यात दरवर्षी द्यायचे मी ही परीक्षा. सव्वीस वर्षांत एकदाही नापास नाही."

धाकटीने तिच्या डोक्यावर हेडफोन बसवला, हातात बटण दिलं आणि दार लावून घेतलं. कान तपासायची ती खोली कपड्यांच्या कपाटापेक्षा थोडीशीच मोठी होती. भिंतींना स्पंज, दार वीतभर जाड, आत एक खुर्ची. बाहेर धाकटीचं टेबल आणि टेबलावर यंत्र, मधे काच. यंत्रावरची कळ दाबली की आतल्या माणसाच्या कानात बारीक शिट्टी वाजायची आणि त्याने बटण दाबलं की टेबलावर हिरवा दिवा लागायचा. एकोणतीस वर्षं धाकटी या इस्पितळात हेच करत आली होती. इस्पितळात तिला 'कानवाल्या बाई' म्हणत आणि घरात मात्र बावन्नाव्या वर्षीही ती धाकटीच होती.

शिट्टी, दिवा. शिट्टी, दिवा. ताई एकही चुकवत नव्हती. धाकटीने आवाज कमी कमी करत नेला, इतका की तो तिच्या स्वतःच्या कानांनाही जेमतेम लागला असता. तरी दिवा लागला. तेव्हा मात्र धाकटीला शंका आली. तिने खांदा हलवला, बोट कळेजवळ नेलं आणि कळ दाबलीच नाही. दिवा लागला. पुन्हा तसंच केलं, पुन्हा दिवा. सहा वेळा तिने काही वाजवलं नाही आणि सहाही वेळा ताईला ते ऐकू आलं.

धाकटी उठली, दार उघडून आत गेली. "खुर्ची फिरव. भिंतीकडे तोंड कर."

"का? इकडून काय वाईट आहे?"

"फिरव म्हणते ना."

ही विद्या ताई कारखान्यात शिकली होती. बाटल्या भरायचा कारखाना. सरकत्या पट्ट्यावरून हजारो बाटल्या एकमेकींना खेटत, किणकिणत जायच्या, आणि त्या पट्ट्याशी उभ्या राहणाऱ्या सगळ्या बायकांचे कान अर्धेअधिक कामातून गेले होते. तरी दरवर्षी सगळ्या पास व्हायच्या. शिट्टीकडे लक्ष द्यायचंच नाही, तपासणाऱ्याच्या खांद्याकडे बघायचं, हे जुनी बाई नव्या बाईला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवायची. ताई पुढे पट्ट्याची मुकादम झाली, तेव्हा तिने स्वतः पंचवीसेक जणींना या परीक्षेत पास करून आणलं होतं.

खुर्ची फिरली आणि दिवे लागायचे थांबले. धाकटी आवाज वाढवत गेली, थांबली, पुन्हा वाढवला. कागदावरची रेघ जाड आवाजांना ओसरीसारखी सपाट गेली आणि मग बारीक आवाजांना तळघराच्या पायऱ्या उतराव्यात तशी खाली खाली उतरली. अशा रेघा तिने हजारोंनी काढल्या होत्या, पण त्यातली एकही तिच्या बहिणीची नव्हती.

"पास ना?" बाहेर येत ताईने विचारलं.

"ताई, मी वाजवल्याच नाहीत त्या शिट्ट्यासुद्धा तू ऐकल्यास."

"मग चांगलेच म्हणायचे माझे कान."

ताईची सून गेल्या महिन्यात धाकटीकडे येऊन रडवेली होऊन गेली होती. स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली, तळ काळाठिक्कर झाला, आणि सासूबाई दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे भाजी निवडत होत्या. मावशी, तुम्हीच काय ते बघा. मावशीने बघायचं ठरवलं, पण ताई काही केल्या इस्पितळाची पायरी चढेना. शेवटी धाकटीने तिकिटांचा हुकमाचा पत्ता काढला. आधी कान, मग रविवारी त्या दोन लाडक्या गायिकांचा कार्यक्रम. ताई मुकाट्याने आली.

"हे बघ," धाकटीने खणातून छोटी डबी काढली. "रविवारपुरती ही ऐकायची यंत्रं घेतलीत मी विभागातून. कानामागे बसतात, केसांत दिसतसुद्धा नाहीत. ताई, त्या दोघी शेवटच्या येतायत. नीट ऐकू नको का तुला?"

ताईने डबीकडे एखादा किडा बघावा तसं बघितलं. "चाळीस वर्षं यंत्रातूनच ऐकलं त्यांना. आता समोर बसून परत यंत्रातूनच ऐकू?"

धाकटीने कागद पुढे केला, तर ताईने तो न बघता उपडा ठेवला. "हे रविवारनंतर. तोपर्यंत या कागदातलं एक अक्षर तोंडातून काढायचं नाही. आहे कबूल?"

धाकटीने मान हलवली. तिला खरं तर एकच हवं होतं. ताईने त्या दोघींना एकदा समोर बसून ऐकावं. कागद सांगत होता की रविवारी तिच्या कानांवर ढोल पडेल, थोडंफार बुटकीचं गाणं पडेल आणि टोपीवाली जवळजवळ पडणारच नाही. आणि ताईचा सगळा जीव टोपीवालीत होता.

त्या दोघींची ओळख करून द्यायची तर चाळीस वर्षं मागे, माहेरच्या मागच्या खोलीत जावं लागेल. टोपीवाली उंच, सडसडीत, डोक्यावर सदा काळी टोपी. तिचा आवाज वरचा, बारीक, दाराच्या फटीतून आत येणाऱ्या उजेडासारखा. बुटकी तिच्या खांद्याला लागायची, गळ्यात अकॉर्डियन, आवाज रिकाम्या घागरीतून आल्यासारखा. अख्ख्या गावाला त्यांचं वेड होतं, पण आपल्याइतकं कुणालाच नाही अशी या बहिणींची खात्री होती. ताई तेव्हा सतरा वर्षांची, धाकटी अकराची. दुपारी पडदे ओढून दोघी पलंगावर आडव्या व्हायच्या, मधे टेपरेकॉर्डर. ताई टोपीवाली व्हायची आणि धाकटी बुटकी. यावर कधी वाद झाला नाही, थोरलेपणाचा तेवढा मान होता. आई बाहेरून म्हणायची, "त्या दोघींच्या नादाने या दोघी वाया जाणार."

कॅसेट संपली की ताई डोळे मिटून कार्यक्रमाचं वर्णन करायची. आपण दुसऱ्या रांगेत बसलोय. दिवे जातात. आधी नुसतं अकॉर्डियन, मग टोपीची कड दिसते. ती गाता गाता थांबते, आपल्याकडे बघते, टोपी काढते. धाकटी विचारायची, "माझ्याकडे बघते का तुझ्याकडे?" आणि ताई थोडा विचार करून म्हणायची, "मधे बघते." हे वर्णन इतक्या दुपारी झालं की पुढे पुढे धाकटीला तो कार्यक्रम आपण बघून आलोय असंच वाटायला लागलं. तिथल्या खुर्च्यांचा रंगसुद्धा तिला आठवायचा.

खऱ्या कार्यक्रमाला मात्र योग आला नाही. त्या दोघी शहरात एकदा आल्या, त्या आठवड्यात ताईचं लग्न होतं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा धाकटी बाळंतिणीच्या खाटेवर. "आपल्या घरात काही झालं की या येतात," ताई म्हणायची. आता तिसऱ्यांदा येत होत्या आणि यापुढे गाणार नाही असं त्यांनीच जाहीर केलं होतं.

कार्यक्रम दुपारी चारला होता. गाणाऱ्या दोघी सत्तरीला टेकल्या होत्या, त्यामुळे अंधार पडायच्या आत सगळं आवरायचं असा त्यांचा नेम होता, आणि ऐकणाऱ्यांचीही त्याला काही हरकत नव्हती. मैदानात घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. अर्ध्या मैदानाने काळ्या टोप्या घातल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्याने गुडघ्याला पट्टे. ऊन कलतं होतं. हवेत बारीक धूळ तरंगत होती आणि तिच्यातून सगळी माणसं जरा पुसट, जुन्या फोटोतल्यासारखी दिसत होती. बहिणींना विसावी रांग मिळाली होती.

पुढच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. ते मागे वळूनच बसले होते.

"माझी ही दहावी वेळ," त्यांनी सांगून टाकलं. "पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाऊस आला भर गाण्यात. एक माणूस हलला नाही. बुटकीने अकॉर्डियनवर स्वतःचा कोट घातला आणि स्वतः भिजत वाजवत राहिली. तिसऱ्या वेळी वीज गेली. माइक बंद. तरी शेवटच्या रांगेत ऐकू येत होतं बरं का. काय आवाज."

"टोपी काढते का हो ती?" ताईने विचारलं.

"टोपी? नाही बुवा. नऊ वेळांत कधी नाही. तुम्ही पहिल्यांदाच आलात का?" हे विचारता विचारता मास्तरांनी व्यासपीठाकडे मान वळवली.

"बसने," ताई म्हणाली.

मास्तरांनी हसून मान डोलावली. धाकटीने पिशवीत उगाचच काहीतरी शोधायला घेतलं. ताई माणसाच्या तोंडाकडे बघून सगळं बोलणं ओळखायची, आणि माणसाने तोंड फिरवलं की अंदाजाने ठोकून द्यायची. इतके दिवस हे आपल्या कसं लक्षात आलं नाही? दिवसाला वीस परक्या माणसांचे कान तपासणाऱ्या बाईला आपल्या बहिणीचं कळू नये, याची तिला लाज वाटली, आणि ती लाज काही केल्या जाईना.

मग अकॉर्डियन वाजलं. आधी कुणी दिसलंच नाही, नुसता तो लांब, मंद सूर, मैदान झोपेत कूस बदलतंय असा. मग काळ्या टोपीची कड दिसली. ताईने धाकटीचं मनगट घट्ट धरलं. त्या दोघी खरंच होत्या. लहानशा, म्हाताऱ्या, एकमेकींच्या आधाराने चालत पुढे आल्या. बाजूच्या मोठ्या पडद्यावर त्यांचे चेहरे उमटले आणि सगळं मैदान उभं राहिलं.

पहिली दोन गाणी ताईने पडद्यावरून नजर हलवली नाही. तिचे ओठ बरोबर हलत होते, पण चेहऱ्यावर ती आटोकाट मेहनत दिसत होती, परीक्षेला बसलेल्या मुलीची. धाकटीला ते बघवेना. तिने हळूच डबी उघडून ताईच्या मांडीवर ठेवली. भांडण होईल असं तिला वाटलं होतं. ताईने क्षणभर डबीकडे बघितलं, मग केस बाजूला सारले आणि कान पुढे केला. धाकटीने दोन्ही यंत्रं बसवली. बसवताना तिला इतका आनंद झाला की बोटं दोनदा घसरली.

ताई दचकली. मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, कपाळाला आठ्या पडल्या. तिसरं गाणं अर्धं झालं तेव्हा तिने स्वतःच दोन्ही काढली आणि डबीत ठेवून डबी धाकटीच्या हातात दिली.

"का गं? काय ऐकू आलं?" धाकटीने तिच्यासमोर तोंड करून विचारलं.

"सगळं आलं. मागची बाई पिशवीतून पुडा काढतेय, मास्तर खोकतायत, कुणाची तरी खुर्ची करकरतेय. त्या दोघी सोडून सगळं."

"सवय व्हायला महिना जातो, ताई. मेंदू हळूहळू निवडायला शिकतो."

"माझ्याकडे दोनच तास आहेत." मग जरा मवाळ होऊन ती म्हणाली, "तुझ्या यंत्रातली टोपीवाली पत्र्याची आहे गं. माझ्या डोक्यातली बरी गाते."

धाकटीने डबी पर्समध्ये टाकली. तिला रडू येत होतं. चाळीस वर्षं वाट बघून ताई इथे आली होती, आणि धाकटीची एकोणतीस वर्षांची विद्या तिच्या काही कामाची नव्हती. व्यासपीठावर टोपीवाली वरच्या सुराला हात घालत होती आणि तो तिला लागत नव्हता. फुटत होता. बुटकी खालून तिला सांभाळून घेत होती.

"आवाज गेलाय ना तिचा?" ताईने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"गळ्याच्या शिरा बघ पडद्यावर. पूर्वी अशी ओढ काढावी लागायची नाही तिला." आणि ताईने पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. ती आता मेहनत करत नव्हती. खुर्चीत जरा रेलून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मागच्या खोलीतली दुपार उतरली होती.

ऊन अजून खाली आलं. बुटकी माइकजवळ येऊन म्हणाली, की आता एक असं गाणं, जे आम्ही फारसं कुठे गायलो नाही. रेडिओवर कधी लागलं नाही. आमच्याच दोघींचं ते आवडतं. अकॉर्डियनचे पहिले चार सूर आले आणि ताईने ते ऐकले की पडद्यावर बुटकीची बोटं ओळखली कोण जाणे, पण दोन्ही बहिणींनी एकाच वेळी एकमेकींकडे बघितलं.

ते त्यांचं गाणं होतं. दुसऱ्या बाजूचं शेवटचं. एक जण होडी वल्हवतेय आणि दुसरी लाटा मोजतेय, एवढंच त्यात होतं. कॅसेट आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी टेपरेकॉर्डरने ती नेमकी तिथे चावली होती. धाकटीने रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा ताईने स्क्रू काढून कॅसेट उघडली, चुरगळलेली फीत नखं कापायच्या कात्रीने कापून टाकली आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. टेप पुन्हा वाजायला लागला, फक्त दुसऱ्या कडव्यात एके ठिकाणी गाणं टुणकन उडी मारून पुढे जायचं. शब्द पाठ व्हायच्या आतच हे झालं होतं, त्यामुळे काय गेलं हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. वर्षभरात ती उडीसुद्धा गाण्याचाच भाग झाली. पुढे फोनवर सगळं मिळायला लागलं, पण घरचंच माणूस कोण शोधायला जातं?

"तू वल्हव, मी लाटा मोजते," टोपीवालीने सुरू केलं. ताईने डोळे मिटले आणि तिच्यासोबत उचललं. ताईचा आवाज काही विसाव्या वर्षाचा राहिला नव्हता, पण सूर पक्का होता. धाकटी खालून बुटकीचं गाऊ लागली. पहिलं कडवं चौघींनी मिळून म्हटलं असंच धाकटीला वाटलं. धूळ सोन्यासारखी झाली होती, खुर्च्या, टोप्या, माणसं सगळं तरंगत होतं, आणि बहुधा इथे आपण पूर्वी आलोय, खुर्च्या याच रंगाच्या होत्या, असं तिच्या मनात आलं.

दुसरं कडवं आलं आणि दोघी बहिणींनी बरोबर ती उडी मारली.

धाकटी एक शब्द म्हणाली आणि थांबली. बाकीचं मैदान मागे राहिलं होतं. व्यासपीठावर टोपीवाली काहीतरी वेगळंच म्हणत होती, थकलेल्या, फुटक्या आवाजात, आणि धाकटी ते जन्मात पहिल्यांदा ऐकत होती.

"मोजता मोजता चुकले मी तर, सांगू नको गं, वल्हवत राहा."

शेजारी ताई पुढेच निघाली होती. डोळे मिटलेले, हात मांडीवर ताल धरतोय, आवाज मोकळा. तिला मैदान ऐकू येत नव्हतं. ती कॅसेट ऐकत होती, आणि कॅसेटमधल्या टोपीवालीचा आवाज शाबूत होता. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मागच्या बाईने कुणाला तरी कोपराने ढोसलं. ताईच्या हाताला हात लावला असता तर ती थांबली असती, डोळे उघडले असते, आणि बघणारे सगळे चेहरे तिला दिसले असते. धाकटीचा हात तिथपर्यंत गेला होता.

तिने तो मागे घेतला. मग समोरच्या त्या खऱ्या दोघींना सोडून देऊन, ताई जिथे पोचली होती तिथून, तिने बुटकीची बाजू धरली. हे सोपं नव्हतं. मैदानभर एक गाणं चाललेलं आणि विसाव्या रांगेत दोन बायकांचं दोन ओळी पुढे. धाकटीला आपला आवाजच सापडेना, म्हणून तिने ताईच्या ओठांकडे बघितलं आणि त्यांच्या मागे मागे गात राहिली. पोस्टमास्तरांनी दोनदा वळून पाहिलं. पाहोत.

शेवटची ओळ झाली. ताईने डोळे उघडले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागली.

"अहो बाई," पोस्टमास्तर कळवळून म्हणाले, "संपलं नाही अजून."

"आमचं संपलं," धाकटी म्हणाली आणि तिनेही टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने व्यासपीठावरचं गाणंही संपलं आणि सगळ्या मैदानाच्या टाळ्यांत त्यांच्या टाळ्या मिसळून गेल्या. टोपीवालीने टोपी काही काढली नाही. हात तेवढा वर केला. तो विसाव्या रांगेकडे होता की आणखी कुठे, हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

साडेसहाला कार्यक्रम सुटला तेव्हा भरपूर उजेड होता. माणसं घोळक्याघोळक्याने गात चालली होती. बसथांब्यावर एक बाक होता, त्यावर दोघी टेकल्या. पहिली बस खच्चून भरली होती, ती त्यांनी सोडली. ताई बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत होती. टाळ्यांनी ते लाल झाले होते.

"मी टाळ्या वाजवत होते तेव्हा टोपीवालीचं तोंड हलत होतं," ती म्हणाली.

धाकटीने बस येतेय का बघितलं.

"बुटकीचंही. आणि मास्तरांचंही. तू मधे थांबली होतीस, तेही कळलं मला. शेजारी बसलेलं माणूस गायचं थांबलं की अंगाला कळतं. मग परत लागलीस." ताईने मान वर केली. "मी कापलेलं होतं ना ते? काय होतं त्यात?"

धाकटी तिच्याकडे पूर्ण वळली. उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी बसली आणि सावकाश, एकेक शब्द करून, दोन्ही ओळी म्हणाली. ताईची नजर तिच्या ओठांवर होती. "परत," ताई म्हणाली. धाकटीने परत म्हटल्या. तिसऱ्यांदा ताईचे ओठ तिच्याबरोबर हलले.

"सांगू नको म्हणतेय होय," ताई म्हणाली. "तरीच." आणि ती हसली. हसता हसता तिने पदराने डोळे टिपले, धाकटीचेही टिपले.

"चांगलं लिहिलंय," मग ताई म्हणाली. "पण तिचं तिच्यापाशी. तू मला सांग."

"काय?"

"कागदातलं. रविवार झाला की आता." तिचा आवाज अगदी साधा होता, पट्ट्यावरच्या बायकांना पाळी वाटून देताना असेल तसा. "किती गेलंय, किती राहिलंय. गोड करून सांगू नकोस. तुझ्या त्या माणसांना सांगतेस तसं सांग."

धाकटीने आयुष्यात हजारो लोकांना हे सांगितलं होतं. वाक्यं ठरलेली होती, कुठे थांबायचं तेही ठरलेलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

"बारीक आवाज गेलेत," ती म्हणाली. "किटली, दारावरची घंटा, लहान मुलांची बडबड. ते परत यायचे नाहीत. डावा कान जवळजवळ गेलाच आहे, ताई. उजव्यात आहे अजून. तीन-चार वर्षं तरी राहील. यंत्राची सवय केलीस तर जास्तही."

"आणि टोपीवाली?"

"नाही."

ताईने मान डोलावली. समोरून दुसरी बस आली, थांबली. दार उघडलं, चालकाने हॉर्न वाजवला आणि कुणी चढत नाही असं बघून निघून गेला. ताईने हॉर्नकडे बघितलंही नाही. ती काहीतरी ठरवत होती. मग ती उठली, पिशवी उचलली, बाकाच्या मागून वळसा घालून आली आणि धाकटीच्या दुसऱ्या बाजूला बसली. कानावरचे केस तिने मागे सारले. हा उजवा कान होता.

"हं," ती म्हणाली. "आता इकडून बोल."